येसूचे चार ओटे

फार वर्षं झाली. इतकी, की आज गावात जी सगळ्यात म्हातारी बाई आहे तिच्या पणजीनंसुद्धा ही गोष्ट ऐकलेलीच होती, पाहिलेली नव्हती. तेव्हा तळकोंडाहून वर कुसरीला जायला रस्ता नव्हता. एक पायवाट तेवढी होती. ती अजून आहे.

आता तुम्ही ती वाट बघायला येता. खाली गाड्या लावता आणि चढत चढत चार ठिकाणी थांबता. आंब्याखाली ताक पिता, टाक्यापाशी पाण्यात पाय सोडता, बेलापाशी करवंदं खाता, खिंडीत उभं राहून फोटो काढता. चारही ठिकाणी खांद्याइतका उंच दगडी ओटा दिसतो, त्यावर चढून बसता आणि म्हणता, वा, काय छान सोय केलीय बसायची! अहो, बसायला कुणी खांद्याइतका उंच ओटा बांधतं का? उतरा आधी खाली, आणि ऐका.

त्या वेळी तळकोंडाच्या बाया खाडीवरचं मीठ डोक्यावरून वर कुसरीच्या बाजाराला न्यायच्या आणि येताना नाचणी, वरी घेऊन यायच्या. मणभर मिठाची गोणी. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर गोणी, आणि समोर हा एवढा उभा घाट. चालायचं काही वाटत नाही हो, पाय आपले चालतात. अडचण वेगळीच. दम लागला म्हणून गोणी खाली टेकवलीत, की ती एकटीनं पुन्हा डोक्यावर चढत नाही. दुसऱ्या कुणाचा तरी हात लागतो.

म्हणून कुठलीही बाई घाटात एकटी जात नसे. प्रत्येकीची जोडीण ठरलेली. विसाव्याला दोघी गोण्या उतरवायच्या, वारा खायच्या, आणि उठताना दोघी मिळून आधी मोठीची गोणी तिच्या डोक्यावर द्यायच्या. मग मोठीनं मान ताठ ठेवून नुसते गुडघे वाकवायचे आणि धाकटीच्या गोणीला हात लावायचा. ‘हात लाव गं,’ असं म्हटलं की लावायचाच. भांडण असो, वैर असो, विटाळ असो, त्या हाकेला नाही म्हणायचं नाही. वाटेचा दुसरा काही नेम नव्हता, हा एकच होता.

येसू आणि भागू या जावा-जावा. येसू थोरली, भागू धाकटी. दोघी एकमेकींच्या जोडिणी. येसू जरा तिरसट, कमी बोलणारी, आपली वस्तू आपल्या जागी ठेवणारी. भागू अगदी उलटी. हसरी, विसरभोळी, सगळं घर उधळून ठेवणारी. पण भागू मागं नसली की येसूला चढ जड व्हायचा, असं म्हणतात. भागूची बडबड ऐकत ऐकत ती चढायची. ‘बाई, जरा तोंडाला विश्रांती दे,’ असं दर वळणावर म्हणायची, आणि भागू गप्प झालीच तर मागं वळून बघायची.

येसूकडं चुंबळी दोन होत्या. एक रोजची. दुसरी तिच्या आईच्या लुगड्याची. आई वारली तेव्हा येसूला माहेरी जाता आलं नव्हतं, नदीला पूर होता. पुढं महिन्याभरानं कुणीतरी आईचं लुगडं आणून दिलं. ते तिनं फाडून, पिळून, गोल वळून त्याची चुंबळ केली आणि खुंटीला अडकवली. कधी वापरली नाही. कधीतरी नुसती हातात घेऊन बसायची.

तर एका चैत्रात काय झालं, बाजाराच्या दिवशी सकाळी भागूला तिची चुंबळ सापडेना. सापडली तेव्हा उंदरांनी कुरतडलेली. बाकीच्या बाया पुढं निघून गेल्या होत्या. येसू अंगणात गोणीपाशी उभी राहून ओरडत होती, ‘अगं ये की! ऊन काय तुझ्यासाठी थांबणारय?’ भागूनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि खुंटीवरची चुंबळ उचलून डोक्यावर टाकली. संध्याकाळी परत अडकवून ठेवू, एवढाच तिचा विचार. वाईट काही तिच्या मनात नव्हतं हो. पण विचारलं नाही, हेही खरं.

आंबा मागं पडला, टाकं मागं पडलं. टाक्याच्या वर जे वळण लागतं, जिथं तुम्ही कुणी थांबत नाही कारण तिथं ओटाच नाही, तिथं दोघींनी गोण्या उतरवल्या. तेव्हा येसूला ती चुंबळ दिसली. घामानं भिजलेली, मिठाच्या पाण्यानं ओली झालेली.

‘ही कुठनं घेतलीस?’

‘खुंटीवरनं. माझी उंदरांनी खाल्ली, आक्का.’

‘कुणाला विचारून?’

भागूला वाटलं, नेहमीचंच चाललंय. ती हसली आणि म्हणाली, ‘अगं, चिंधीच तर आहे. नुसती टांगून काय पूजा करायचीय तिची?’

झालं. येसूनं पुढं होऊन ती चुंबळ हिसकावली आणि कमरेला खोचली. एक शब्द बोलली नाही. बोलली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. भागूचं तोंड उतरलं. तिनं आपल्या पदराचा शेव गुंडाळून डोक्यावर ठेवला आणि मुकाट्यानं येसूच्या गोणीला हात घातला. आधी थोरलीची गोणी, तसा नेमच होता. दोघींनी ती उचलली, येसूच्या डोक्यावर नीट बसली. मग भागू आपल्या गोणीपाशी वाकली आणि म्हणाली, ‘हं आक्का, हात लाव गं.’

आणि येसू चालायला लागली.

हात घेतला आणि दिला नाही. त्या वाटेवर असं कधी कुणी केलं नव्हतं. पुढंही कुणी केलं नाही, असं म्हणतात.

भागूला आधी थट्टाच वाटली. ‘ए आक्का! पुरे की आता!’ येसू पहिल्या वळणाआड गेली. मग हाक आली, ‘आक्का, चुकलं माझं. हात लाव गं!’ येसू दुसऱ्या वळणाआड गेली. ती हाकही तिला ऐकू आली. तिच्या मनात आलं, बसू दे घटकाभर. येईल मागनं कुणीतरी. तेवढीच कळेल हिला दुसऱ्याच्या वस्तूची किंमत. तिसऱ्या वळणावर हाक अगदी बारीक आली. शब्द कळले नाहीत, पण आवाज ओळखीचा होता. तिथं येसूचा पाय अडखळला. एकदाच. मग ती पुढं गेली.

रागात तिच्या एवढं ध्यानातच आलं नाही, की त्या दिवशी मागनं येणारं कुणीच नव्हतं. सगळ्या बाया पहाटेच वर गेल्या होत्या.

येसू बेल ओलांडून खिंडीत पोचली आणि थांबली. गोणी उतरवावी, तर चढवायला कोण? म्हणून ती तशीच उभी राहिली. डोक्यावर मण, माथ्यावर ऊन. सावली पायाखालून सरकून एका बाजूला गेली तरी ती उभीच. मान आखडली, डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले. राग कधीच उतरला होता. ती आता नुसती खालच्या वाटेकडं बघत होती. मनात घोकत होती, दिसू दे, नुसती दिसू दे, मी शंभर पावलं खाली जाऊन हात लावीन. भागू दिसली नाही. तेव्हा येसू फिरली आणि गोणीसकट घाट उतरायला लागली.

टाक्यावरच्या वळणाला भागूची गोणी होती. भागू नव्हती.

वळणाला कडेला एक तिरका खडक होता. भागूनं एकटीनं गोणी लोळवत त्या खडकापर्यंत नेली होती, त्यावर टेकवून डोकं खाली घालून ती उचलायला बघत होती. खालची माती सुटली. गोणी खडकाला अडून वाटेवर राहिली आणि माणूस खाली गेलं. येसू कडेला गेली. खाली भागूचं हिरवं लुगडं दिसत होतं. येसूनं आपली गोणी तशीच मागं वाटेवर फेकून दिली आणि ती ओरडायला लागली, ‘भागे! भागे गं!’ ऐकायला कुणी नव्हतं. जशी भागूला नव्हतं, तशीच तिलाही नव्हतं.

गावानं भागूला वर काढलं. सासूनं विचारलं, ‘कसं गं झालं?’ पाय घसरला म्हणाली असती, तर कुणाला कळणार होतं? पण येसू म्हणाली, ‘मी हात घेतला आणि दिला नाही.’

कुणी तिला मारलं नाही. कुणी घालून पाडून बोललंही नाही. भागूचा नवरा धर्मा तिच्याकडं बघत राहिला आणि मग आत जाऊन लेकीला मांडीवर घेऊन बसला. येसूनं आईची चुंबळ सरणावर भागूच्या डोक्याखाली ठेवली. ती ठेवताना सगळ्या बाया दोन पावलं मागं सरल्या. त्या जशा मागं सरल्या, तशा मागंच राहिल्या. त्या दिवसापासून तळकोंडातली एकही बाई येसूची जोडीण झाली नाही. विहिरीवर तिच्या हंड्याला कुणी हात लावेना. ती अर्धा हंडा भरायची, कमरेवर घ्यायची आणि दोनदा जायची.

इकडं वळणावर भागूची गोणी तशीच पडून होती. चार दिवसांनी धर्मा ती आणायला गेला. त्याला उचलेना. दोघं गेले, सहा जण गेले, पहार घालून बघितली. गोणी हलेना. मणभर तर मीठ होतं! पाऊस आला. म्हटलं, आता विरघळून जाईल. पण मिठाचा एक खडासुद्धा विरघळला नाही, असं म्हणतात. दोन पावसाळे गेले, पाच गेले. गोणपाट कुजून गेलं आणि आत गोणीच्याच आकाराचा पांढुरका दगड राहिला. गुरं अजून तो चाटतात. तुम्ही चाटायला जाऊ नका, कितीतरी गुरांची जीभ लागलीय त्याला!

येसूला एकच ध्यास लागला. ती गोणी उचलायची. भागूच्या डोक्यावर देता येणार नाही, निदान कुसरीला तरी पोचवायची. ती रोज सकाळी चढून जायची, दगडाच्या एका टोकाखाली दोन्ही हात घालायची आणि समोरच्या टोकाकडं बघून म्हणायची, ‘भागे, हात लाव गं.’ दरी ती हाक परत पाठवायची. हात लाव गं. हात लाव गं. येसूला तो आपला आवाज वाटायचाच नाही. तिला वाटायचं, ही ती हाक आहे जी तिसऱ्या वळणावर आपण ऐकली होती. मग ती कानांवर हात ठेवून खाली बसायची.

अशी एकदा बसली असताना तिच्या मनात आलं, ओझं खांद्याइतकं उंच टेकता आलं असतं, तर भागूला माझी गरजच पडली नसती. पाठ लावून टेकवायची आणि पाठ लावूनच उचलायची, एकटीनं. तेव्हा ती ओटे बांधायला लागली. हात लावायला कुणी नाही, म्हणून एकटीला उचलेल एवढेच दगड ती आणायची. तुम्ही नीट बघा, चारही ओट्यांत एक मोठा दगड सापडायचा नाही. ओढ्यातून उचलायचा, डोक्यावर घ्यायचा, वर न्यायचा, रचायचा, पुन्हा खाली. आंब्याचा ओटा झाला, त्याला दोन वर्षं लागली. मग टाक्याचा, मग बेलाचा, मग खिंडीतला. केस पिकले, गुडघे गेले. नवऱ्यानं आधी समजावलं, मग सोडून दिलं. भाकरी तेवढी बांधून द्यायचा बिचारा.

बायांना ओटे आवडले. का नाही आवडणार? आता कुणासाठी ताटकळायला नको, कुणाची विनवणी करायला नको. आधी एखादी एकटी जाऊ लागली, मग दुसरी. हळूहळू जोड्या मोडल्या. जी ती आपल्या वेळेला निघायची, ओट्याला पाठ लावायची, उचलायची आणि चालायला लागायची. शेजारी दुसरी उभी असली तरी तिच्याकडं बघायचं कारण उरलं नाही.

एक दिवस येसू बेलापाशी बसली होती. दुपारपासून दिवस कलेपर्यंत अकरा बाया वर गेल्या. एकीनंही दुसरीला हाक मारली नाही. ‘हात लाव गं’ हा शब्द त्या वाटेवर उमटलाच नाही. तेव्हा येसूला कळलं. तिनं एकदा एका बाईला हात नाकारला होता. आता सगळ्या वाटेवरचाच हात तिनं काढून घेतला होता. आणि हे करायला तिनं वर्षानुवर्षं दगड वाहिले होते.

पाचवा ओटा भागूच्या वळणावर व्हायचा होता. पाया घातलेला होता, दोन थर रचलेले होते. येसू तशीच उठली, खाली गेली आणि तिनं ते दोन्ही थर उपसून एकेक दगड दरीत टाकला. म्हणून तिथं ओटा नाही. चढ तर तिथंच सगळ्यात वाईट, दम तिथंच लागतो. ओझं टेकवलं, तर हाक मारावीच लागते.

त्याच वर्षी भागूची लेक पारू मीठ घेऊन घाट चढू लागली. आई गेली तेव्हा ती दुधाच्या दातांची होती. वळणावर तिनं येसूला दगडापाशी वाकलेली बघितली. गावातलं कुणी येसूशी बोलत नसे, पण ही पोर थांबली. गोणी उतरवली आणि पुढं आली.

‘थोरल्या आई, मी लावते हात.’

येसूनं वर बघितलं. ‘तू? तू लावतेस?’

‘माझ्या आईचीच तर गोणी आहे. मी लावते. पुरे झालं आता, किती जाळशील स्वतःला?’

पारू समोरच्या टोकाला गेली. दोघींनी हात घातले. बारा वर्षांत पहिल्यांदा येसूच्या समोर एक माणूस वाकलं होतं. तेही कुणाचं? भागूच्या रक्ताचं. येसूला वाटलं, झालं, सुटले! तिनं सगळा जीव हातांत आणला. पारूनं दात-ओठ खाल्ले, तिच्या नखांतून रक्त आलं. दगड हलला नाही. पुन्हा लावले. पुन्हा. तीळभर हलला नाही.

पारू रडायला लागली. म्हणाली, ‘माझ्या मनात काही नाही गं थोरल्या आई. देवाशपथ काही नाही.’

येसूनं तिचे डोळे पुसले. म्हणाली, ‘तुझ्या मनात नाही, ते कळलं मला. पण तिची जोडीण मी होते, तू नव्हेस. तिच्याऐवजी तुला हात लावता यायचा नाही.’ मग तिनं वाकून पारूच्या गोणीला हात लावला, ती तिच्या डोक्यावर नीट बसवली आणि वळणाआड जाईपर्यंत तिच्याकडं बघत उभी राहिली.

त्यानंतर येसू घरी आली नाही. नवरा न्यायला गेला, पारू दोनदा गेली. ती म्हणायची, भागू आली आणि मी नसले तर? ऊन गेलं, पाऊस गेला, थंडी गेली. पुढच्या चैत्रात, भागू गेली त्याच तिथीला, वर जाणाऱ्या बायांना ती दिसली. गुडघ्यांवर बसलेली, मान ताठ, दोन्ही हात दगडाखाली. त्यांना वाटलं, नेहमीसारखी बसलीय. पारूनं खांद्याला हात लावला तेव्हा कळलं. हात काही केल्या दगडाखालून निघेनात. तेव्हा बायांनी तिथंच तिच्यावर दगड रचले, असं म्हणतात. सगळे लहान लहान, एकटीला उचलतील असे.

आता घाटात मीठ कुणी नेत नाही. वर ट्रक जातो. पण चैत्रातल्या त्या तिथीला तळकोंडाच्या बाया अजून चढून जातात. लेकी, सुना, बाहेरगावी नोकरीला असतील त्यासुद्धा. त्या दिवशी घाटात कुणी एकटी चालत नाही, आणि चारही ओट्यांना कुणी पाठ लावत नाही. वळणावर पोचल्या की सगळ्या दगडाच्या येसूकडच्या टोकाला गोळा होतात. जागा पुरत नाही. एकीच्या खांद्यावरून दुसरीचा हात, तिच्या बगलेतून तिसरीचा. दगडाचं दुसरं टोक मोकळं असतं. एखादी नवी सून न कळून तिकडं उभी राहायला जाते. मग कुणीतरी म्हातारी तिला दंडाला धरून मागं ओढते आणि सांगते, ‘तिकडं नको बाई. ती जागा धरलेली आहे.’

मग सगळ्या एकदम हाक मारतात, हातांत जोर आणतात, आणि वाट बघतात. खालच्या गुरांच्या घंटा ऐकू येतात. दगड हलत नाही. दर वर्षी हलत नाही. बाया हात काढून घेतात आणि खाली येतात.

पुढच्या वर्षी पुन्हा जातात.